हृदय-फुप्फुस विज्ञानात संशोधनातून पदव्युत्तर पदवी: अर्जापासून प्रबंधापर्यंत

संशोधनप्रधान पदव्युत्तर पदवीला, म्हणजे जिला अनेक ठिकाणी ‘एमरेस’ किंवा ‘मास्टर्स बाय रिसर्च’ म्हणतात तिला, मी प्रवेश घेतला तेव्हा माझी समजूत अशी होती की बहुतेक काळ व्याख्याने ऐकायची आणि शेवटी एखादा प्रयोग करून तो लिहून द्यायचा. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात प्रयोगशाळेच्या दाराचे कार्ड, पानांवर क्रमांक छापलेली एक जाडजूड वही आणि प्रबंध सादर करण्याची तारीख पडली, आणि त्या तारखेपर्यंतचे आठवडे मोजल्यावर माझी समजूत किती चुकीची होती हे लक्षात आले. पुढे माझ्या ज्या ज्या चुका झाल्या त्यांतील बहुतेक विषय न समजल्यामुळे झालेल्या नव्हत्या. कोणत्या कामाला किती आठवडे लागतात हे वेळेवर विचारले नाही म्हणून त्या झाल्या होत्या. या लेखातील पायऱ्या मी त्याच हिशेबाने मांडल्या आहेत. प्रत्येक संस्थेचे नियम वेगळे असतात, तेव्हा येथील आकडे आपल्या अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेशी ताडून घ्यावेत.

१. ही पदवी आपल्याला कशासाठी हवी आहे ते आधी ठरवा

व्याख्यानप्रधान पदव्युत्तर अभ्यासक्रमात गुणांचा मोठा भाग परीक्षा आणि निबंधांना असतो, तर संशोधनप्रधान अभ्यासक्रमात तो प्रकल्प आणि प्रबंधाला असतो. ब्रिटनमध्ये अशी पदवी बहुधा १८० क्रेडिटची आणि एका वर्षाची असते. युरोपात इतरत्र १२० क्रेडिटचा दोन वर्षांचा आराखडा बराच प्रचलित आहे. दोन्हीकडे क्रेडिटचे माप वेगळे असल्यामुळे नुसत्या आकड्यांची तुलना करू नका. प्रयोगाला प्रत्यक्ष किती महिने मिळतात तेवढे विचारा. काही ठिकाणी सलग एकच मोठा प्रकल्प असतो, काही ठिकाणी दोन लहान प्रकल्प असतात. पुढे पीएचडी करायची की नाही याबद्दल मन द्विधा असेल, तर दोन प्रकल्पांची रचना बरी, कारण दोन प्रयोगशाळा आतून पाहायला मिळतात. विषय पक्का असेल तर एकच प्रकल्प घ्यावा, कारण तंत्र हातात बसायला जो काळ जातो तो दोनदा घालवावा लागत नाही.

हा विषय डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, जीवशास्त्राचे पदवीधर आणि अभियंते अशा सगळ्यांना खुला असतो, पण प्रत्येकाची उणीव वेगळी असते. डॉक्टरला रोग ठाऊक असतो, मात्र पिपेट धरायची सवय नसते. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला पेशी ठाऊक असतात, पण त्याने धाप लागलेला रुग्ण जवळून पाहिलेला नसतो. अभियंत्याला संकेत आणि आकडे कळतात, पण जिवंत ऊतीमधील माणसागणिक बदलणाऱ्या फरकाने तो गोंधळतो. अर्ज करण्यापूर्वीच आपली उणीव ओळखून ती भरायला सुरुवात केली, तर सुरुवातीचे निदान दोन-तीन आठवडे वाचतात.

२. अवयव निवडू नका, प्रश्न निवडा

‘मला हृदयावर काम करायचे आहे’ असे म्हणणाऱ्या अर्जदाराला निवड समिती विचारते, ‘हृदयात काय?’ हृदय आणि फुप्फुस हे एकाच अभ्यासक्रमात का शिकवले जातात याचे उत्तर उजव्या जवनिकेत, म्हणजे हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्यात, आहे. ती अंगात वाहून आलेले सगळे रक्त फुप्फुसांत ढकलते. फुप्फुसांतील रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की तिच्यावर भार येतो, सुरुवातीला ती जाड होते आणि पुढे फुगून थकते. त्यामुळे फुप्फुसातल्या दाबाचा रुग्ण अनेकदा अखेरीस हृदय निकामी झाल्याने दगावतो. अशा सीमेवरचे प्रश्न या पदवीत विशेष शोभतात, आणि दोन्ही बाजूंचे मार्गदर्शक मिळण्याची शक्यताही तिथेच असते.

प्रश्न किती मोठा असावा? एका वाक्यात मावेल, आणि त्या वाक्यात कोणाची तुलना कोणाशी, काय मोजणार आणि किती काळाने मोजणार हे सगळे येईल, इतकाच. ‘दम्यातील दाहाचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे. ‘तीव्र दमा असलेल्या व्यक्तींच्या श्वासनलिकेतील अस्तरपेशी विषाणूचा संसर्ग झाल्यावर २४ तासांत निरोगी व्यक्तींच्या पेशींपेक्षा कमी इंटरफेरॉन (विषाणूंशी लढणारी प्रथिने) तयार करतात का’ हा प्रश्न आहे.

वाचनात एक सापळा आहे आणि त्यात बहुतेक नवखे अडकतात: व्याख्या बदलत राहतात. फुप्फुस धमनीतील सरासरी दाब पाऱ्याच्या २५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असला तरच पूर्वी त्याला फुप्फुसीय उच्च रक्तदाब म्हणत. २०१८ च्या जागतिक परिषदेत ही मर्यादा २० वर आणण्याची शिफारस झाली आणि २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी ती स्वीकारली. म्हणजे जुन्या शोधनिबंधातील ‘निरोगी’ गटातला एखादा माणूस आजच्या व्याख्येने रुग्ण ठरू शकतो. सीओपीडीचे, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या दीर्घकालीन रोगाचे, तसेच आहे. जोराने फुंकलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात बाहेर येणारा वाटा ०.७० पेक्षा कमी असेल तर अडथळा मानायचा, हा सरळ नियम काही जण वापरतात. वयानुसार ठरणारी सामान्यतेची खालची मर्यादा इतर काही जण वापरतात. वयाबरोबर हे गुणोत्तर आपोआप घटत असल्यामुळे सरळ नियमाने अनेक निरोगी वृद्ध माणसे रुग्णांच्या यादीत जातात. शोधनिबंध वाचताना वहीत पहिला रकाना व्याख्येचा ठेवा. मी तो ठेवला नव्हता, आणि चाळीसेक निबंध पुन्हा उघडावे लागले.

३. मार्गदर्शक शोधा आणि त्यांना पत्र लिहा

या पायरीवर थोडा अधिक वेळ थांबतो, कारण संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शकाच्या निवडीने तुमचे वर्ष अधिक ठरते. ज्यांचे नाव मोठे आहे ते प्रवासात असतात, आणि तुम्हाला रोज दिसणार असतो तो त्यांच्या गटातील पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर तिथे काम करणारा संशोधक. त्यामुळे ‘रोजचे मार्गदर्शन कोण करणार?’ हा प्रश्न संकोच न करता विचारा. ती व्यक्ती तुमचा प्रकल्प संपण्याआधीच नोकरी बदलणार असेल, तर ते आताच कळलेले बरे.

पत्र लहान असावे. त्यांच्या अलीकडच्या एखाद्या शोधनिबंधातील नेमक्या आकृतीबद्दल एक खरा प्रश्न, तुम्हाला येत असलेली दोन-तीन तंत्रे, कोणत्या महिन्यापासून किती काळ काम करू शकता, आणि सोबत दोन पानांचा परिचय, एवढे पुरे. ‘आपल्या थोर संशोधनाने मी भारावून गेलो आहे’ अशा वाक्यांनी सुरू होणारी पत्रे त्यांना रोज येतात आणि ती बहुधा एकाच मजकुराची असतात. उत्तर आले नाही तर दोन आठवड्यांनी एकदाच आठवण करा. एकाच विभागातील पाच जणांना एकाच दिवशी तेच पत्र पाठवू नका. ती माणसे एकत्र चहा घेतात.

भेट ठरली की पुढील गोष्टी विचारून घ्या. प्रकल्पाला लागणारी सगळी परवानगी आज हातात आहे का? लागणारे नमुने आधीच गोळा झालेले आहेत की मला गोळा करायचे आहेत? उपकरणाची वेळ कशी मिळते, आणि ते बंद पडले तर दुसरे कुठे आहे? यापूर्वीच्या विद्यार्थ्याचा प्रबंध पाहायला मिळेल का? शेवटचा प्रश्न सगळ्यांत उपयोगी असतो, कारण त्या प्रबंधाच्या पानांवरून त्या प्रयोगशाळेत प्रत्यक्षात किती काम होते याचा अंदाज येतो. आणि मार्गदर्शक समोर नसताना त्या गटातील एखाद्या विद्यार्थ्याशी दहा मिनिटे बोला. ‘सगळे छान आहे’ असे तो पटकन म्हणाला तर त्यातून फारसे काही कळत नाही. ‘बैठक कधी होते?’ या प्रश्नाला तो किती वेळ विचार करतो, त्यातून बरेच कळते.

४. कागदपत्रे

अर्जासाठी बहुतेक ठिकाणी ही कागदपत्रे लागतात:

– पदवीची गुणपत्रके आणि प्रमाणपत्र, गरज असल्यास अधिकृत भाषांतरासह
– दोन शिफारसपत्रे, त्यांपैकी निदान एक तुमचे काम प्रत्यक्ष पाहिलेल्या व्यक्तीचे
– उद्देशपत्र
– शैक्षणिक परिचयपत्र
– भाषेच्या परीक्षेचे, म्हणजे आयईएलटीएस किंवा टोफेलचे, मुदतीतील गुणपत्रक
– मार्गदर्शक आधी ठरवावा लागत असेल तर त्यांचे संमतीचे पत्र आणि एक-दोन पानांचा संशोधन आराखडा
– पारपत्र आणि शिष्यवृत्ती किंवा निधीचा पुरावा

प्रवेश मिळाल्यानंतर आणखी कागद लागतात, आणि त्यांच्याबद्दल आधी कोणी सांगत नाही. मानवी रक्त किंवा ऊती हाताळायच्या असतील तर हिपॅटायटिस बी विरुद्ध प्रतिकारशक्ती असल्याचा रक्ततपासणीचा अहवाल मागितला जातो. या लशीचे तीन डोस नेहमीच्या वेळापत्रकानुसार ०, १ आणि ६ महिन्यांनी घ्यायचे असतात. काम सुरू होण्याच्या दिवशी पहिला डोस घेतला तर अर्धे वर्ष निघून जाते. कमी काळात पूर्ण होणारी वेळापत्रकेही असतात, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. रुग्णालयात काम असेल तर क्षयरोगाची तपासणी, चारित्र्य पडताळणी आणि ‘गुड क्लिनिकल प्रॅक्टिस’ या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. प्राण्यांवर काम असेल तर वेगळे प्रशिक्षण आणि वैयक्तिक परवाना लागतो. प्राण्यांच्या केसांची ॲलर्जी असेल तर ती लपवू नका. ती प्रयोगांच्या ऐन मध्यावर वाढते आणि मग प्रकल्पच बदलावा लागतो.

उद्देशपत्राबद्दल एकच सांगतो. आजोबांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हापासून या विषयाची ओढ लागली, अशी सुरुवात खरी असली तरी ती तिसऱ्या परिच्छेदात न्या. पहिल्या परिच्छेदात प्रश्न असू द्या. शुल्काबरोबरच प्रयोगसाहित्याचा वेगळा आकार भरावा लागतो का, हेही लेखी विचारून ठेवा.

५. मुलाखत

मुलाखतीत एखादा आलेख समोर ठेवून ‘यात काय दिसते?’ असे विचारतात. अक्षांवर काय आहे, किती नमुने आहेत आणि उभ्या रेषा कशाच्या आहेत हे आधी सांगा, निष्कर्ष शेवटी. माहीत नसेल तर ‘माहीत नाही, पण अमुक पद्धतीने शोधेन’ असे म्हटल्याने गुण जात नाहीत.

६. परवानग्या: वर्ष सुरू होण्याआधी

माणसांवरील संशोधन १९६४ च्या हेलसिंकी घोषणापत्राच्या आणि त्याच्या नंतरच्या सुधारणांच्या तत्त्वांवर चालते. प्राण्यांवरील संशोधनात रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वे पाळायची असतात. शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग वापरायचा, लागणारी संख्या कमीत कमी ठेवायची, आणि वेदना कमीत कमी होतील अशी पद्धत घ्यायची. नीतिसमितीच्या अर्जात हे सगळे लिहावे लागते, आणि ते लिहिताना प्रकल्पातील अर्धे कच्चे दुवे आपोआप दिसतात, त्यामुळे हा अर्ज दुसऱ्यावर सोपवू नका.

माझ्या बाबतीत घडले ते असे. परवानगी होती, पण ती रक्ताच्या नमुन्यांची होती. मला सोबत नाकातील अस्तराचे नमुनेही घ्यायचे होते. ‘किरकोळ सुधारणा आहे, दहा दिवसांत होईल’ असे मला सांगण्यात आले. त्या सुधारणेला नऊ आठवडे लागले. त्या काळात मी काय करायला हवे होते? ज्यांना परवानगी लागत नाही असे काम: विकत मिळणाऱ्या पेशींवर तंत्राचा सराव, उपकरणांची पडताळणी, उपलब्ध जाहीर डेटाचे विश्लेषण. मी मात्र रोज पत्रपेटी उघडून पाहत बसलो. तेव्हा प्रकल्पाला नेहमी दोन भाग असू द्या, आणि त्यांपैकी एक कुठल्याही समितीच्या शिक्क्याची वाट न पाहता पहिल्या दिवशी सुरू होणारा असावा.

७. आठवड्यांचा हिशेब उलटा करा

सादरीकरणाच्या तारखेपासून मागे मोजा. लेखनाला आठ आठवडे, विश्लेषणाला चार, तंत्र शिकायला सहा. राहिले ते प्रयोगांचे. एक उदाहरण सविस्तर घेऊ.

श्वासनलिकेच्या अस्तरपेशी सच्छिद्र पडद्यावर वाढवून, वरची बाजू हवेला उघडी ठेवून आणि खालून पोषकद्रव देऊन त्यांना खऱ्या श्वासनलिकेसारखे रूप आणता येते. सुरुवातीला एक-दोन आठवडे पेशींची संख्या वाढवायची, मग हवेला उघड्या केल्यावर साधारण चार आठवडे थांबायचे, तेव्हा कुठे त्यांच्यावर सिलिया, म्हणजे लाटेसारखे हलणारे सूक्ष्म केस, उगवतात आणि श्लेष्मा सुटू लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा तो थर हलताना दिसतो तेव्हा वाऱ्याने शेत डुलावे तसे वाटते. पण हिशेब पाहा: एका खेपेला सहा आठवडे. प्रयोगांना २६ आठवडे असतील तर एकामागून एक चारच खेपा निघतात, आणि एक खेप बुरशीने गेली की तीन. आमची एक खेप अशीच गेली. आदल्या दिवशी स्वच्छ असलेल्या द्रवात सकाळी कापसासारखे पांढरे ठिपके तरंगत होते. शोधल्यावर उगम सापडला तो इन्क्युबेटरच्या, म्हणजे पेशी उबेत वाढवण्याच्या कपाटाच्या, तळाशी दमटपणासाठी ठेवलेल्या पाण्याच्या ट्रेमध्ये. ती ट्रे साफ करण्याची पाळी कोणाची, हे भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलेले होते, आणि त्या आठवड्याची जागा कोरी होती. म्हणून खेपा एकामागून एक न लावता दोन आठवड्यांच्या अंतराने लावा, शक्य असल्यास दोन वेगवेगळ्या इन्क्युबेटरांत ठेवा, आणि प्रत्येक दात्याच्या काही पेशी सुरुवातीलाच द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवा.

हृदयाच्या बाजूला काळाचे माप तासांचे असते. ऑस्कर लांगेनडॉर्फ यांनी १८९५ मध्ये दाखवून दिलेल्या पद्धतीत वेगळे काढलेले हृदय महाधमनीतून उलट्या दिशेने द्रव सोडून जिवंत ठेवतात. महाधमनीची झडप त्या दाबाने मिटते आणि द्रव हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत शिरतो. त्याच मांडणीत विकरे सोडून हृदयाच्या स्नायूपेशी सुट्या करता येतात. चांगली पेशी विटेसारखी लांबट, कडा धारदार, अंगावर आडवे बारीक पट्टे. बिघडलेली पेशी आखडून गोल होते. पेशी सुट्या करताना द्रवातील कॅल्शियम जवळजवळ काढून टाकलेले असते, आणि ते परत देताना टप्प्याटप्प्याने द्यावे लागते. घाई केली तर निम्म्या विटा डोळ्यांदेखत गोल होतात. मिळालेल्या पेशी त्याच दिवशी, काही तासांत वापरायच्या असतात. त्यामुळे मोजणीच्या उपकरणाची वेळ आधी ठरवून मगच हृदय काढा. हे वाचताना उघड वाटते. मी एकदा उलट क्रमाने केले आणि तो दिवस फुकट गेला.

तयार पेशीवंश, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या जाणाऱ्या पेशी, वापरणार असाल तर त्यांच्या मर्यादा प्रबंधात स्वतःहून लिहा. ए-५४९ हा फुप्फुसाच्या कर्करोगातून आलेला वंश आहे आणि एच-९-सी-२ हा उंदराच्या भ्रूणहृदयातून आलेला असला तरी त्याच्या पेशी धडधडत नाहीत. मूलपेशींपासून बनवलेल्या हृदयपेशी धडधडतात, पण त्यांचे वागणे प्रौढ हृदयापेक्षा भ्रूणाच्या हृदयाशी अधिक जुळते. वंशाची ओळखतपासणी आणि मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूची तपासणी पहिल्याच महिन्यात करून घ्या. मायकोप्लाझ्मा साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही आणि द्रवही गढूळ होत नाही.

८. रुग्णांवर मोजमाप असेल तर

स्पायरोमेट्री, म्हणजे श्वासाची क्षमता मोजण्याची चाचणी, सोपी दिसते, कारण माणूस नळीत फुंकतो आणि आकडा येतो. प्रत्यक्षात आकडा माणसाइतकाच सांगणाऱ्यावर अवलंबून असतो. रोज सकाळी तीन लिटरच्या सिरिंजने यंत्र तपासा, आणि वेगवेगळ्या गतीने दट्ट्या ढकलून आकडा तीन टक्क्यांच्या आत येतो ना ते नोंदवा. रुग्णाने पूर्ण श्वास घेऊन न थांबता एकदम जोरात सोडायला हवा, आणि शेवटपर्यंत सोडत राहायला हवा. तो थांबू लागतो त्याच क्षणी तुम्ही ‘अजून, अजून, अजून’ म्हणत राहायचे असते. सुरुवातीला मला हे मोठ्याने म्हणायचा संकोच वाटे, आणि माझ्या पहिल्या रुग्णांचे आलेख मधूनच तुटलेले आहेत. निदान तीन स्वीकारार्ह प्रयत्न हवेत आणि त्यांतील सर्वांत मोठ्या दोन आकड्यांत १५० मिलिलिटरपेक्षा अधिक फरक नसावा.

आलेला आकडा ‘अपेक्षित’ आकड्याशी ताडताना कोणती समीकरणे वापरली ते लिहा. २०१२ च्या जागतिक समीकरणांत वंशगट भरावा लागे. त्यानंतर आलेल्या समीकरणांत तो नाही. एकाच अभ्यासात दोन्ही मिसळली की गटांतील फरक रोगामुळे आहे की सूत्रामुळे, हे सांगता येत नाही.

इकोकार्डिओग्राफीत, म्हणजे हृदयाच्या ध्वनिलहरी तपासणीत, चित्रे मोजणाऱ्याला रुग्ण कोणत्या गटातला हे कळता कामा नये. सहकाऱ्याला फाइलींची नावे बदलून द्यायला सांगा, कोणते नाव कोणाचे याची किल्ली त्याच्याकडेच राहू द्या, आणि दहावीस चित्रे काही दिवसांनी पुन्हा मोजा. माझ्या दोन मोजण्यांत काही चित्रांवर इतका फरक आला की मी शोधत असलेला परिणामच त्याच्यापेक्षा लहान होता. हे सहाव्या महिन्यात कळले. पहिल्या महिन्यात कळायला हवे होते.

९. तुमचा ‘एन’ किती?

सांख्यिकीतली एक चूक या विषयात इतकी सर्रास होते की तिच्यासाठी वेगळे शीर्षक द्यावे लागले. एन म्हणजे एकमेकांपासून स्वतंत्र नमुन्यांची संख्या. तीन हृदयांतून प्रत्येकी वीस पेशी मोजल्या तर एन साठ होत नाही, तीन होतो. एकाच हृदयातल्या पेशी भावंडांसारख्या असतात. त्यांना स्वतंत्र धरले की पी-मूल्य (फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता सांगणारा आकडा) विलक्षण सुंदर दिसते आणि निष्कर्ष पुन्हा प्रयोग केल्यावर उभा राहत नाही. एकाच दात्याच्या तीन प्लेटी म्हणजेही तीन दाते नव्हेत. एक तर प्रत्येक हृदयाची सरासरी काढून तीच वापरा, किंवा पेशी हृदयात आणि हृदय गटात अशी उतरंड मानणारे बहुस्तरीय प्रारूप वापरा. दुसरा मार्ग घेणार असाल तर प्रयोगाआधी सांख्यिकी जाणणाऱ्याकडे जा. प्रयोगानंतर गेल्यास ते बहुधा रोगाचे नाव सांगतात, इलाज सांगत नाहीत.

नमुन्यांची संख्या आधी काढा. त्यासाठी जी-पॉवर हे मोफत साधन पुरेसे आहे. कोणत्या दिवशी कोणता गट मोजायचा याचा क्रम सोडतीने ठरवा, कारण सोमवारी सगळे निरोगी आणि मंगळवारी सगळे रुग्ण असे झाले की वाराचा आणि रोगाचा परिणाम वेगळा करता येत नाही. आलेखावर नुसते खांब काढू नका, प्रत्येक बिंदू दाखवा, आणि उभ्या रेषा प्रमाण विचलनाच्या आहेत की प्रमाण त्रुटीच्या ते आकृतीखाली लिहा.

साधनांबद्दल थोडक्यात: विश्लेषणाला आर किंवा पायथॉन या संगणकभाषा, कारण आज्ञा लिहून राहतात आणि सहा महिन्यांनी तीच आकृती पुन्हा काढता येते; चित्रांना इमेज-जे; संदर्भांना झोटेरो. एक्सेलमध्ये जनुकांची नावे साठवताना स्तंभाचे स्वरूप मजकुराचे ठेवा. ‘सेप्ट-२’ सारख्या नावांची एक्सेल तारीख करून टाकत असे, आणि त्यामुळे २०२० मध्ये काही जनुकांची नावेच बदलण्यात आली.

१०. प्रबंध आणि तोंडी परीक्षा

पद्धतींचे प्रकरण दुसऱ्या महिन्यात लिहा. प्रतिपिंडाचा कॅटलॉग क्रमांक, विरलन, द्रवाची खेप ही माहिती तेव्हा डब्यावर असते. शेवटी डबा फेकलेला असतो. प्राण्यांवरील काम असेल तर ‘अराइव्ह’, निरीक्षणात्मक अभ्यास असेल तर ‘स्ट्रोब’ ही तपासयादी छापून भिंतीवर लावा आणि लिहिता लिहिता खुणा करत जा. निकाल नकारात्मक आले म्हणून प्रबंध नापास होत नाही, पण ते निकाल मांडणीतील दोषामुळे आले की खरोखर परिणामच नाही, याची चर्चा नसेल तर परीक्षक तिथेच थांबतात. पहिला मसुदा मार्गदर्शकाला देण्याची तारीख दोघांनी मिळून ठरवा आणि त्यांना वाचायला दोन आठवडे धरा. ऐनवेळी ते परिषदेला गेलेले असतात.

तोंडी परीक्षेत हमखास विचारले जाते ते असे: हीच पद्धत का, दुसरी का नाही, तुमच्या नियंत्रण गटातील माणसे खरोखर निरोगी होती हे कशावरून, आणि आणखी सहा महिने मिळाले तर काय कराल. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नेमक्या एका प्रयोगाच्या रूपात तयार ठेवा.

निघण्यापूर्वीचा शेवटचा आठवडा हस्तांतरणासाठी राखून ठेवा. उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधील प्रत्येक पेटीवर नाव, तारीख, नमुन्याचा सांकेतिक क्रमांक आणि परवानगीचा क्रमांक लिहा, पेटीचा नकाशा संगणकावर ठेवा, कच्चा डेटा आणि आज्ञावली संस्थेच्या साठवणीत चढवा आणि वही मार्गदर्शकाच्या हातात देऊन सही घ्या. लिहिण्यासाठी द्रावकाने न पुसली जाणारी शाईच वापरा. मला मिळालेल्या पेटीतील अकरा नळ्यांवर फक्त निळा डाग उरला होता, आणि त्या मी न वापरता टाकून दिल्या.